पुसायचं नाही

"आमचा माणूस तुमच्याकडे धडधाकट आला आणि रडत घरी परतला," ताई म्हणाली. "तेव्हापासून धड जेवत नाही. कामावरून येतो आणि भिंतीकडे तोंड करून पडतो. कसला हो हा अभ्यास?"

संशोधन करणारी बाई खुर्चीच्या टोकाशी बसली होती. ज्यांचं बाळ मृत जन्माला आलं, अशा वडिलांशी ती अभ्यासासाठी बोलत असे. ताईच्या भावाशीही तासभर बोलली होती. ताईचा तक्रारीचा फोन आला म्हणून ती स्वतःच घरी आली होती.

"त्रास द्यायचा हेतू नव्हता," ती म्हणाली. "तुम्ही म्हणत असाल तर रेकॉर्डिंग आत्ता तुमच्यासमोर पुसून टाकते."

"टाका. विषय मिटेल."

"पुसायचं नाही," भाऊ म्हणाला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, मुळातच कमी बोलायचा. ताईचा शब्द तर त्यानं कधीच खाली पडू दिला नव्हता.

"अरे, तुझ्याच भल्याचं सांगतेय."

"रडलो मी, ताई. अजूनही रडेन. पण पुसलं म्हणून काय ती पोर नव्हतीच? 'होईल दुसरं,' म्हणता सगळे. मोबाइल फुटलाय का माझा? या बाईंनी पहिल्यांदा विचारलं, मुलगी दिसायला कशी होती."

"मग काय सांगितलंस?"

विचारलं ते त्याच्या बायकोनं; ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्यासमोर हा विषय काढायचा नाही, असं घरात ठरलं होतं. ताईनंच ठरवलं होतं.

त्यानं मान खाली घातली. "मला कुणी दाखवलीच नाही. तेच सांगितलं."

"बघा, आता हिलाही त्रास," ताई झटकन उठली. "चल गं, आत चल तू."

"नाही येत."

ओले हात ओढणीला पुसत ती पुढे आली. स्टूल ओढून नवऱ्याला खेटून बसली. समोरच्या बाईकडे तिनं एकदा पाहिलं, मग त्याच्याकडे वळली.

"माझ्या छातीवर ठेवली होती थोडा वेळ. जावळ दाट होतं, काळंभोर. बोटं लांब, तुझ्यासारखी." ती थांबली. आवाज कापत होता, पण तिनं तो तसाच कापू दिला. "आणि नाक अगदी ताईंचं."

ताई उभीच राहिली. तिचा हात हळूच स्वतःच्या नाकाकडे गेला.