पडण्याचं कारण

म्हातारपण हा आजार नव्हे, ती एक अवस्था आहे, असं थोर लोक सांगत आले आहेत. विमा कंपनीचंही तेच मत होतं. म्हणूनच ती अवस्थेचे पैसे देत नसे.

अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आजोबा खुब्याचं हाड मोडून हॉस्पिटलात पडून होते. चार वाजता ऑपरेशन होतं. त्याआधी विम्याची मंजुरी आली नाही, तर मुलाला गाडी विकावी लागणार होती. दुखण्यांना कोड लावणाऱ्या बाई लॅपटॉप घेऊन उशाशी बसल्या. मुलाने घोकून ठेवलेलं उत्तर दिलं, गुरुवारी वाचनालयाच्या बाथरूममध्ये पाय घसरला.

बाईंनी मान हलवली. पंचाहत्तरीनंतर बाथरूममध्ये पडलं की कोड लागतो वयोमानाचा, आणि तो लागला की अर्ज परत. बसमागे धावत होते का, त्यांनी विचारलं. शिडीवर चढले होते? कुत्रं मागे लागलं होतं? बाई खोटं लिहिणाऱ्यांतल्या नव्हत्या, पण खऱ्यासाठी थांबायची त्यांची तयारी होती. साडेतीन वाजले.

आजोबांनी पायथ्याशी बसलेल्या आजींकडे पाहिलं. मग छताकडे.

"जिन्याच्या कठड्यावरून घसरत आलो," ते म्हणाले. "मुद्दाम."

"गुरुवारी तर तुम्ही वाचनालयात असता," आजी म्हणाल्या.

जिना वाचनालयाचाच होता. कठडा लाकडी, रुंद आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी गुळगुळीत झालेला. पाच पेन्शनर दर गुरुवारी त्यावरून आळीपाळीने खाली येत. खाली अलगद पडायला जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे रचलेले असत. या गुरुवारी सकाळीच रद्दी विकली गेली होती, आणि ते कोणी आजोबांना सांगितलं नव्हतं.

बाई ताठ बसल्या. "स्पर्धा होती? पंच होते?"

"निवृत्त मुख्याध्यापक. शिट्टी, वही, सगळं आहे." मग आजोबांना राहवेना. "साडेचार सेकंद. विक्रम माझाच आहे."

बाईंनी क्रीडास्पर्धेतल्या दुखापतीचा कोड टाकला. सात मिनिटांत मंजुरी आली. मुलगा बाईंच्या पाया पडायचाच काय तो बाकी होता. आजी मात्र पुढचे तीन दिवस आजोबांशी फक्त नर्समार्फत बोलल्या. या वयात, चारचौघांत, कठड्यावरून, एवढेच शब्द नर्सला पुन्हापुन्हा पोचवावे लागले.

दोन महिन्यांनी कंपनीचं पत्र आलं. आजोबांचं नाव ज्येष्ठांतून काढून खेळाडूंत घातलं होतं, आणि खेळाडूंचा हप्ता ज्येष्ठांच्या निम्मा होता. आजींनी चष्मा पुसून पत्र दोनदा वाचलं. त्यांचा स्वतःचा हप्ता पुढच्याच महिन्यात भरायचा होता. खेळाडूंत नाव घालायला पंचांचा दाखला जोडला की पुरे, असं खाली बारीक अक्षरात छापलं होतं.

त्या गुरुवारी आजी रद्दीचे गठ्ठे स्वतः मोजून रचून आल्या. मुख्याध्यापकांच्या वहीत त्यांची वेळ चार सेकंद अशी नोंदलेली आहे.