नारळ उभा राहिला

आमच्या आयसीयूत मी नारळ येऊ देत नाही. त्या दुपारी येऊ दिला, कारण माझे उपाय संपत आले होते.

मथुराबाईंच्या पायाच्या जखमेतून विष रक्तात भिनलं होतं. रक्तदाब चढवायचं औषध पंपातून अखंड चालू होतं. दाब सावरला, पण किडन्या बंदच राहिल्या. लघवीची पिशवी सकाळपासून कोरडी होती. आता डायलिसिसशिवाय गत्यंतर नव्हतं.

त्यांचे यजमान बब्रुवानकाका ईट गावचे पाणाडे. तळहातावर नारळ आडवा ठेवून ते रानात फिरतात आणि तो आपोआप उभा राहील तिथं बोअर घ्यायला सांगतात.

"म्याडम, एक डाव बघू द्या," म्हणत ते पलंगाभोवती फिरले. बायकोच्या कमरेपाशी नारळ ताठ उभा राहिला.

"हाय पानी! लई हाय!"

लघवीच्या नळीत एक थेंब चमकला, मग धारच लागली. सिस्टर टाळ्या वाजवायला लागल्या. "जिंकलो, काका!" मी भर वॉर्डात ओरडले.

मथुराबाईंनी डोळे उघडले. "अवं, मोटर बंद करा. हौद भरला."

सगळे हसले. हसतहसतच मी पिशवीला हात लावला. ताजी लघवी अंगाइतकी कोमट असते. ही पिशवी विहिरीच्या तळासारखी गार होती.

टाळ्या चालूच होत्या. मी नळीचा चिमटा दाबून घट्ट बंद केला.

धारही चालूच राहिली.