पुरेशी गार नाही

शतावरीचे पांढरे कोंब उकडून झाले, त्यांवर लोणी ओतून झालं, शेजारी बटाटे आणि हॅमचे पातळ काप आले, तरी रेगिनाच्या पिशवीतला कागद पिशवीतच होता. द्राक्षमळा शेजाऱ्याला कसायला द्यायचा कागद. बाबांची सही तेवढी राहिली होती.

"जेवताना तो विषय नको," बुर्कार्ड लेकीला म्हणाला. "माझे पाय थकलेत, नाक नाही. यंदाची सिल्व्हानर वाइन मीच करणार. काय रे ओटमार?"

ओटमार चाळीस वर्षांचा दोस्त. जूनमध्ये शतावरीचा हंगाम संपायच्या आधीच्या रविवारी इथं जेवायला यायचा म्हणजे यायचाच. "तुझ्या नाकाला कोण नावं ठेवणार बाबा," तो म्हणाला आणि बटाट्याकडे वळला.

चौथी खुर्ची रिकामी होती. बुर्कार्डची बायको हेडविग मार्चमध्ये वारली. तिची खुर्ची टेबलापासून हलवायचा अजून कुणाला धीर झाला नव्हता.

बुर्कार्डनं चपट्या पोटाची बाटली उचलली. साऱ्या गावानं फिरकीची झाकणं आणली, हा पठ्ठ्या अजून बुचाला चिकटून. बूच काढलं, घोटभर स्वतःच्या पेल्यात ओतलं, डोळे मिटून हुंगलं, चाखलं.

"वा. कोरडी ठणठणीत, गोडीचं नाव नाही. शतावरीला हीच हवी." त्यानं तिघांचे पेले भरले.

रेगिनानं पेला नाकाशी नेला आणि तिथंच थांबली. भिजून कुजलेल्या पुठ्ठ्याचा वास. बूच खराब निघालं होतं, त्यानं वाइन नासली होती. हा वास ओळखायला बाबांनीच तिला शिकवलं होतं, ती सहा वर्षांची असताना. तिनं ओटमारकाकांकडे पाहिलं. काकांनी मुकाट्यानं एक घोट गिळला आणि वर लगेच शतावरीचा तुकडा तोंडात घातला.

आत्ता बोलली असती, तर पाच मिनिटांत सही झाली असती. पण तिच्या तोंडून भलतंच निघालं.

"पुरेशी गार नाहीये ही, बाबा. दुसरी आणते."

बुर्कार्ड हसला. "झालं. अगदी आईवर गेलीस. गेली तीन वर्षं तिचंही हेच. मधेच उठायची, पुरेशी गार नाही म्हणायची आणि भरलेले पेले उचलून न्यायची. मी म्हणायचो, बाईसाहेब, आता काय बर्फ चघळू?"

हसता हसता त्यानं बाटलीला हात लावला. हात तिथंच राहिला. बाटली गारठलेली होती, काचेवरून पाणी ओघळत होतं.

त्यानं ओला झालेला तळहात उलटून पाहिला.

"ओटमार," बुर्कार्ड म्हणाला, "ती अशी उठायची, तेव्हा तू काय करायचास?"

"ताटात बघायचो."

"म्हणजे तुला माहीत होतं."

"तिनं शपथ घातली होती रे."

बुर्कार्डनं मान हलवली. "पिंपातलीसुद्धा आधी तीच चाखायची. मला वाटायचं, म्हातारीला चटक लागलीये."

रेगिनाला रडू फुटलं. "राहू दे ना, बाबा. एखादी बाटली निघते अशी."

"कागद काढ."

"आज नको."

"काढ म्हणतो ना."

ताट सरकवून त्यानं सही केली. कोपऱ्यावर लोण्याचं बोट उमटलं, ते त्यानं बाहीनं पुसलं. रेगिना दुसरी बाटली आणायला उठली, तर त्यानं हातानंच तिला बसवलं. मग ती पहिलीच बाटली घेऊन आपला पेला काठोकाठ भरला आणि सावकाश, एकेक घोट घेत संपवला.

"मला तर छान लागतेय," तो म्हणाला.