फुंकर

सायकलवरून पडलेली लेक गुडघा धरून भोकाड पसरत आली. आई सवयीने बुटांच्या खोक्याचं झाकण घेऊन लांबूनच जखमेवर वारा घालू लागली. नवराबायको नुकतेच दवाखान्यातून परतले होते. तिचा क्षय पूर्ण बरा झाला होता. खरंतर ‘आता कुणाला लागण होणार नाही,’ असं डॉक्टरांनी औषधं लागू पडल्यावर केव्हाच सांगितलं होतं. पण ‘त्यांचं काय जातंय सांगायला!’ म्हणत नवऱ्यानेच पोरीला तिच्याजवळ फिरकू दिलं नव्हतं. आता त्याला ते झाकण बघवेना. त्याने ते काढून घेतलं. “अगं, फुंकर घाल की पहिल्यासारखी.” मग खाली बसून तिने ओठांचा चंबू केला. लेकीने चटकन दोन्ही हातांनी गुडघा झाकला. “आईच्या तोंडची हवा वाईट असते,” ती शहाण्या मुलीसारखं म्हणाली. “हो ना, बाबा?”