जॅकवरचं चाक

आजोबांच्या जुन्या जीपला जंगलवाटेवर ओढ धरणारे गिअर बसवायचे, की सडकेवर पळणारे, हे अजयला ठरवायचं होतं. आधी एक्सलमध्ये कोणते आहेत ते कळायला हवं. पोंभुर्ण्याच्या गॅरेजात नवाबभाऊंनी मागचं एक चाक जॅकवर उचललं. चाक त्यांनी हातानं फिरवायचं आणि खालचा शाफ्ट किती फिरतो ते अजयनं जीपखाली पडून मोजायचं.

गुड्डी स्टेअरिंग धरून बसली होती. पोरगी पडेल म्हणून दिव्यानीची नजर लेकीवरून हलत नव्हती.

चाक फिरलं.

"मम्मी, मी चालली!"

"जा बाई, येतानी मोहफुलं आणजो," जीपखालून अजय म्हणाला.

चाक पुन्हा फिरलं. गुड्डीनं पुन्हा हाक मारली, ती सडकेपलीकडून ऐकू आली. पोर समोरच होती. ओठही तिचेच हलले होते.

दिव्यानी घाबरली नाही. तिनं सडकेपलीकडे पाहिलं. तिथं कोणी नव्हतं.

"मोजणी चुकली, भाऊ. अजून एकडाव फिरवा," खालून अजय म्हणाला.

चाक फिरलं. आता हाक धानाच्या बांध्यांपल्याड, जंगलाच्या कडेला होती, बारीक. "मम्मी, अजून किती दूर?"

"नवाबभाऊ, उलटं फिरवा," दिव्यानी सपाट आवाजात म्हणाली.

"काऊन वैनी? उलट्यानंही हिशेब तोच येते."

"फिरवा म्हणते ना."

त्यांनी चाक उलटं फिरवलं.

सीटवरच्या गुड्डीनं आईकडे पाहिलं. मान ताणून, गळ्याच्या शिरा फुगेपर्यंत तिनं हाक मारली.

गॅरेजात काहीच ऐकू आलं नाही.