पाण्याचा फोटो

शेवटी दोन फोटो उरले आणि ब्राह्मी अडकली.

एकात धुकं होतं. पारसनाथच्या डोंगरावर निघालेली डोल्यांची रांग, डोलीवाले कमरेपासून वर तेवढे दिसणारे, पुढची वाट पुसून गेलेली. दुसऱ्यात तिची आई होती. मान मागं टाकलेली, डोळे मिटलेले, हात वर करून बाटली तिरकी धरलेली, आणि बाटलीतून सुटलेली पाण्याची धार कोवळ्या उन्हात लखलखत होती.

सांगलीतल्या प्रवास-छायाचित्र स्पर्धेला एकच फोटो पाठवायचा होता, आणि आज शेवटचा दिवस होता. ब्राह्मी फिजिक्सची पदवीधर. निवडीचीही तिनं पद्धत ठरवली होती: प्रकाशाला गुण, रचनेला गुण, क्षणाला गुण. कशीही बेरीज केली तरी आईच पुढं यायची. मग तिनं गुण द्यायची रीतच बदलून बघितली. तरी आईच.

अडचण गुणांची नव्हतीच. शिखरजीची, म्हणजे त्याच पारसनाथच्या डोंगराची वंदना करून ब्राह्मीसकट आष्ट्याची जैन मंडळी परतली आणि गावातल्या महिला मंडळानं देवळाच्या हॉलमध्ये तिच्या आईचा, प्रभावतीचा सत्कार केला. डोंगर चढून, वरच्या सगळ्या टोंकांचं, म्हणजे तीर्थंकरांच्या देवळ्यांचं दर्शन घेऊन खाली येईपर्यंत पाण्याचा थेंब घेतला नाही म्हणून. सत्काराच्या दिवशी ब्राह्मी मुलाखतीसाठी पुण्याला होती. परत आली तेव्हा घरात नारळ होता, साडी होती, आणि गल्लीत आईचं कौतुक चाललं होतं.

आणि तिच्या कॅमेऱ्यात या पाण्याच्या फोटोनंतर शिखरावरच्या देवळाचे फोटो होते. म्हणजे आई पाणी प्याली होती, ती चढतानाच. त्यात शंकेला जागा नव्हती. पण बाजारातून आणलेल्या पिशवीत एक लिंबू जास्त निघालं तरी परत देऊन येणारी बाई एवढं मोठं खोटं का बोलली असेल, हे काही केल्या ब्राह्मीला कळत नव्हतं. विचारायचा धीर होत नव्हता. मंडळाच्या बायका तर स्पर्धेतल्या फोटोंचं प्रदर्शन बघायला गाडी करून सांगलीला जाणार होत्या.

तिनं धुक्याच्या फोटोवर बोट ठेवलं, तेवढ्यात पदराला हात पुसत प्रभावती आली.

"ठरलं का गं?"

"हो. हा धुक्याचा."

प्रभावतीनं चष्मा लावून बघितलं. "ह्यात कोन हाय?"

"डोलीवाले."

"आन माझा? पानी पितानाचा?"

ब्राह्मीनं वळून विचारलं, "तुला माहीत होतं, मी काढला ते?"

"डोळं मिटायच्या आदी बघितलं की तुला. म्हनलं, काढू दे."

"अगं, पण तो लावला तर... तुझा सत्कार झालाय आई."

"त्यासाठीच म्हनते, त्योच लाव." प्रभावती खुर्ची ओढून बसली. "माझा कुठं निर्जळीचा नेम हुता? उजाडलं, तहान लागली, प्याले. मंडळाच्या सुलाबाईनं आपल्या मनानंच माईकवर सांगून टाकलं. मी उभी राहून म्हनलं, आवं, मी पानी प्यालेय. तर समद्या हसल्या. 'बघा, किती साधी! केल्यालं पुन्यबी सांगंना झालीय!' आन आनखी जोरात टाळ्या. साडी परत न्हेऊन दिली, तर त्यो माझा त्याग झाला. आता देवळात लेकीसुना माझ्या पाया पडत्यात गं. मला देवाम्होरं हुबं ऱ्हायची लाज वाटतीया."

दुपारपासून ती आईची अब्रू झाकायला बघत होती, आणि आईला तीच नको होती.

"माझ्या तोंडावर इस्वास न्हाई त्यांचा," प्रभावती म्हणाली. "फोटोवर तर ठेवतील?"

"ठेवतील," ब्राह्मी म्हणाली. हे तिला अगदी पटलं. सांगणं वेगळं आणि पुरावा वेगळा.

तेवढ्यात दारातून हाक आली. "हाय का घरात?"

मंडळाच्या अध्यक्ष सुलाबाईच होत्या. प्रदर्शनाला गाडी किती वाजता न्यायची ते विचारायला आलेल्या. प्रभावतीनं त्यांना बसूसुद्धा दिलं नाही. हाताला धरून कॉम्प्युटरपुढं आणलं.

"ह्यो बघा. पोरगी स्पर्धेला पाठवतीया. डोंगर चढतानाचा हाय. मी काय करतीया, सांगा बघू?"

सुलाबाई वाकल्या. फोटो निरखून बघितला. प्रभावतीनं श्वास धरला होता. मग सुलाबाईंनी फोटोलाच हात जोडले.

"बाई बाई बाई! काय गं ह्यो संयम तुझा!"

"आवं, संयम कसला? पानी पितीया मी!"

"कुठं पितीयास?" सुलाबाईंनी पडद्यावर बोट टेकलं. "पानी तोंडापातूर आलंय, खरं हाय. तोंडात गेलंय का पर? ऐन वक्ताला आवरलंस बघ सोताला. हितनं माघारी फिरायला लय मोटं मन लागतं, प्रभावती."

ब्राह्मीनं फोटो मोठा केला. आणखी मोठा केला. धारेचं खालचं टोक आणि आईचं उघडं तोंड यांच्यामध्ये बोटभर नुसतं ऊन होतं.

"सांग की गं तू," प्रभावती तिच्याकडं वळली. "तू हुतीस न्हवं तिथं? तू तर बघितलंस."

ब्राह्मीनं आठवून बघितलं. बटण दाबल्याचं आठवत होतं. आणि दाबल्या दाबल्या, फोटो कसा आलाय ते बघायला तिनं मान खाली घातली होती.