माझ्या कमरेसाठी

निमकरकाकू नवऱ्याची व्हीलचेअर ढकलत सोसायटीच्या आवारात फिरत होत्या. खुर्ची रिकामी होती. काकांना जाऊन वर्ष होत आलं होतं.

"काकू, अजून फिरवताय काकांना?" शेवडेवहिनींनी वाटेत अडवून विचारलं.

"अगं, हे माझ्या कमरेसाठी. मणक्यात नस दबलीय. ताठ चाललं की पाय बधिर होतात, वाकून ढकललं की चालवतं. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन करा नाहीतर व्यायाम. माझ्या बाबतीत दोन्हींत फरक एकोणीस-वीसचाच म्हणे."

"मग ऑपरेशनच करून टाका की! खुर्ची आमच्या सासूबाईंना होईल."

वहिनींची माया कुठे पोचते, हे काकू ओळखून होत्या. काकांची पाण्याची गादी तेराव्याच्या आत अशीच वहिनींकडे गेली होती.

"नको बाई. व्यायामच बरा," काकू हसून म्हणाल्या आणि पुढे निघाल्या.

कोपऱ्यावर मुलांचं क्रिकेट रंगात आलं होतं. पाय जड झाले तशा काकू बाकापाशी थांबल्या. बसण्याआधी त्यांनी खुर्ची मुलांकडे वळवली, ब्रेक लावला. कुणी ऐकत नाही असं पाहून त्यांनी हळूच विचारलं, "दिसतंय ना नीट?"